पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो का?

गेल्या उन्हाळ्यात बुद्ध पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात आम्ही मुळशी तालुक्यातल्या एका वस्तीवर आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. विहारासमोर मोठा पिंपळ आहे. त्याच्या पाराशेजारी एक खाट टाकलेली दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की वस्तीतल्या एक आजी चार रात्री तिथेच झोपत होत्या. त्यांना बरीच वर्षे दम्याचा त्रास आहे. मुलाच्या मोबाइलवर संदेश आला होता की पिंपळ हे चोवीस तास ऑक्सिजन सोडणारे झाड आहे, त्याखाली झोपले की दमा जातो. मुलगा आईवर जीव लावणारा. त्याने खाट उचलून पिंपळाखाली आणली आणि आजींनी आपला पंप घरी फडताळात ठेवून दिला.

चौथ्या रात्री पहाटे आजींचा श्वास अडकला. मुलगा धावत घरी जाऊन पंप घेऊन आला, शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेले. आजी वाचल्या, आता बऱ्या आहेत. आम्ही भेटलो तेव्हा मुलगा म्हणाला, "ताई, झाड तर आपल्या तथागतांचं. मोबाइलवर पण सगळे तेच सांगतात. मग चुकलं कुठं?"

त्याच्या या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्या दिवशी वेळ पुरला नाही. म्हणून आज या पानावर ते नीट, पहिल्यापासून देत आहोत. त्यासाठी हिरव्या पानात उजेडाचे अन्न कसे होते हे समजून घ्यावे लागेल. शाळेत आपण सर्वांनी त्याचे नाव पाठ केले आहे: प्रकाशसंश्लेषण. नाव अवघड आहे, गोष्ट अवघड नाही.

पानाच्या आतला कारखाना

झाड जमिनीतून पाणी घेते आणि हवेतून कार्बन डायऑक्साइड घेते. पानाच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात, त्यातून ही हवा आत जाते. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्हींत जाळण्यासारखे काही नाही. आग विझवायला आपण हेच दोन पदार्थ वापरतो. पण पान या दोन विझलेल्या गोष्टींपासून साखर बनवते, आणि साखरेत ताकद असते. ती ताकद येते उन्हातून.

पानाच्या पेशीत हिरव्या रंगाचे बारीक कण असतात, त्यांना हरितलवक म्हणतात. त्यांच्या आत नाण्यांच्या चवडीसारख्या पातळ चकत्या रचलेल्या असतात. चकतीच्या पडद्यात हरितद्रव्य बसलेले असते. हे द्रव्य उन्हातला तांबडा आणि निळा उजेड पिऊन घेते आणि हिरवा बराचसा परत फेकते. म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते.

उजेड हरितद्रव्यावर पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन जोर मिळून उडी मारतो आणि पुढच्या रेणूच्या हाती जातो. तिथून पुढच्या, तिथून त्याच्याही पुढच्या. आग विझवताना माणसांची रांग लावून बादल्या पुढे देतात, तसे. वाटेत उजेडाचा आणखी एक धक्का मिळतो. पण पहिल्या जागी आता इलेक्ट्रॉनची उणीव पडली. ती कोण भरून काढणार? ती पाणी भरून काढते. पाण्याचा रेणू तिथे फुटतो. त्यातून इलेक्ट्रॉन मिळतात, हायड्रोजनचे धन कण सुटतात आणि उरतो तो ऑक्सिजन. झाडाला या कामात ऑक्सिजन नको असतो. तो पानाच्या छिद्रांतून बाहेर पडतो आणि आपण तो श्वासात घेतो.

पुढचा भाग मुळशीकरांना समजायला सर्वांत सोपा आहे. मुळशीच्या धरणात पावसाचे पाणी साठते. सह्याद्रीच्या माथ्यावरून ते पाणी घाटाखाली भिरा येथे सोडतात. त्या उतरत्या पाण्याच्या जोराने चाके फिरतात आणि वीज तयार होते. याच धरणात आपल्या लोकांची भाताची खाचरे बुडाली, आणि १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, हे आपण विसरलेलो नाही. पानातही असेच धरण असते. सुटलेले हायड्रोजनचे कण चकतीच्या आत कोंडले जातात. आत गर्दी, बाहेर मोकळे. बाहेर यायला एकच दार असते, आणि त्या दारात खरोखर फिरणारे एक सूक्ष्म चाक असते. कण बाहेर पडताना ते चाक फिरते आणि एटीपी नावाचा ताकदीचा रेणू तयार होतो. हे चाक कसे चालते ते उलगडल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. असेच चाक आपल्या शरीराच्या पेशींतही आहे. आपण खाल्लेल्या भाकरीची ताकद शेवटी त्याच प्रकारच्या चाकातून मिळते.

एटीपी म्हणजे हातातली सुटी मोड. ती फार वेळ साठवून ठेवता येत नाही. म्हणून पान ती मोड आणि रांगेच्या टोकाला पोचलेले इलेक्ट्रॉन वापरून कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवते, आणि साखरेपासून पिठूळ पदार्थ, लाकूड, तेल. ही झाली बँकेतली ठेव. भाताचा दाणा, रताळे, चुलीतले सरपण हे सर्व साठवलेले ऊन आहे. लाकूड जळते तेव्हा दिसणारा उजेड हा काही वर्षांपूर्वी त्या झाडावर पडलेल्या उन्हाचाच.

ऑक्सिजन येतो पाण्यातून

वर एक गोष्ट ओझरती येऊन गेली, ती पुन्हा सांगतो, कारण पिंपळाचा सगळा प्रश्न तिथे सुटतो. झाड सोडते तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसतो, पाण्यातला असतो. हे नुसते अनुमान नाही. १९४१ साली अमेरिकेत सॅम्युएल रूबेन, मार्टिन केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरव्या शेवाळाला असे पाणी दिले की ज्यात थोडा जड जातीचा ऑक्सिजन होता. शेवाळाने बाहेर सोडलेला वायू तपासला तर त्यात तोच जड ऑक्सिजन त्याच प्रमाणात सापडला.

आता विचार करा. पाणी फोडायला जोर लागतो. तो जोर फक्त उजेडातून मिळतो. रात्री उजेड नाही, म्हणजे पाणी फुटत नाही. पाणी फुटत नाही, म्हणजे ऑक्सिजन नाही. हा नियम पिंपळालाही लागू आहे, वडालाही, तुळशीलाही आणि कडुनिंबालाही. चांदण्याचा उजेड या कामाला पुरत नाही. शिवाय माघ-फाल्गुनात पिंपळ पाने गाळतो. नवी तांबूस पालवी फुटेपर्यंत तो दिवसासुद्धा फारसा ऑक्सिजन देत नाही.

उलट झाडही आपल्यासारखेच जिवंत आहे. त्याच्या पेशी रात्रंदिवस श्वसन करतात, म्हणजे ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. दिवसा ऑक्सिजनची कमाई खर्चापेक्षा खूप जास्त असते, म्हणून शिल्लक हवेत जाते. रात्री कमाई थांबते, खर्च चालू राहतो.

हे सर्वांत आधी एका डॉक्टरने दाखवले. त्यांचे नाव यान इंगेनहौस. ते मूळचे हॉलंडचे, देवीच्या रोगावर टोचण्या करणारे. १७७९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये त्यांनी पाचशेहून जास्त प्रयोग केले. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधारात ते थांबतात. हे काम झाडाचा फक्त हिरवा भाग करतो. आणि रात्री झाड हवा सुधारत नाही, थोडी बिघडवते. एवढे सगळे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले.

हा प्रयोग आपल्या मुलांना घरी करता येईल. तळ्यातली किंवा ओढ्यातली, पाण्याखाली वाढणारी हिरवी वनस्पती आणा. दोन काचेच्या बरण्यांत पाणी भरून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला आणि वनस्पतीच्या सारख्या फांद्या टाका. एक बरणी उन्हात ठेवा. दुसरी शेजारीच ठेवा, पण तिच्यावर जाड काळे कापड टाका. तासाभराने कोणत्या फांदीवरून बुडबुडे निघतात ते मुलांनाच पाहू द्या. मग बरण्यांची अदलाबदल करा. कुणी सांगितले म्हणून नव्हे, परंपरेने आले म्हणून नव्हे, तर स्वतः पारखून घ्या, ही कालाम सुत्ताची शिकवण आपण विहारात ऐकतोच.

मग "रात्री ऑक्सिजन देणारी झाडे" हे काय?

कोरफड, निवडुंग, पानफुटी आणि हल्ली रोपवाटिकेत मिळणारे स्नेक प्लांट यांच्याबद्दलही असेच संदेश फिरतात. त्यात अर्धे सत्य आहे, म्हणून ते चटकन पटते. ही कोरड्या जागी तगणारी झाडे आहेत. दिवसा छिद्रे उघडली तर पाणी उडून जाते, म्हणून ती छिद्रे रात्री उघडतात. पण रात्री ती कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आंबट आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा ऊन आले की त्या साठ्यातून साखर बनवतात. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दिवस चढेल तशी त्याची चव जाते, हे भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी १८१३ सालीच नोंदवले होते. (तुम्ही मात्र चाखून पाहू नका, ती वनस्पती जास्त पोटात जाणे चांगले नाही.) पाणी फोडण्याचे आणि ऑक्सिजन सुटण्याचे काम त्यांच्यातही दिवसाच होते. "रात्री वायू घेते" याचे सांगणाऱ्यांनी "रात्री ऑक्सिजन देते" असे करून टाकले.

दम्याचे दुखणे वेगळेच आहे

आता आजींकडे येऊ. समजा, पिंपळ रात्री ऑक्सिजन देत असता, तरी त्यांचा दमा गेला असता का? नाही. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. हवा सतत हलते, मिसळते, त्यामुळे झाडाखाली आणि माळावर त्यात जाणवण्यासारखा फरक नसतो. दम्यात हवेत ऑक्सिजन कमी नसतो. छातीतल्या श्वासनलिका आतून सुजतात आणि आवळल्या जातात, म्हणून हवा आत-बाहेर होत नाही. नळच चिमटला असेल तर टाकी कितीही मोठी करून काय उपयोग? पंपातले औषध थेट त्या नलिकांपर्यंत पोचते. काही पंप आवळलेल्या नलिका लगेच मोकळ्या करतात, काही रोज घेतल्याने सूज कमी ठेवतात. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटची पायरी, हे दोन्ही गैरसमज आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करू नये.

दमा बहुतेकांना रात्री उशिरा आणि पहाटे जास्त छळतो. त्यात उघड्यावरची गार हवा, दव आणि फुलोऱ्याचे परागकण यांची भर पडते. म्हणजे आजींना नेमक्या नको त्या वेळी नको त्या जागी झोपवले गेले. आणखी एक धोका मुळशीकरांना सांगायला नको, पण सांगतो: रात्री बाहेर जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावते ती बहुधा झोपेतच. पुष्कळदा दंश कळतही नाही. बाहेर झोपायचेच असेल तर खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवी.

उलटी भीतीही नको

काही घरांत उलटी समजूत असते: रात्री झाडाखाली झोपले तर झाड माणसाचा प्राणवायू ओढून घेते, खोलीत कुंडी ठेवली तर जीव गुदमरतो. आता हिशोब करू. शांत झोपलेला मोठा माणूस मिनिटाला सुमारे पाव लिटर ऑक्सिजन वापरतो, म्हणजे आठ तासांत सुमारे १२० लिटर. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत जवळपास २८,००० लिटर हवा असते, त्यात ऑक्सिजन सुमारे ६,००० लिटर. एका कुंडीतले रोप माणसाच्या मानाने अगदी थोडा ऑक्सिजन घेते. म्हणजे एका कुंडीने काही बिघडत नाही. पिंपळावर हडळ नाही आणि खोलीतल्या कुंडीत मरणही नाही.

बंद खोलीत खरे मरण असते ते शेगडीत. मुळशीच्या पावसात आणि थंडीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी किंवा विस्तव पेटता ठेवून झोपणारी घरे अजून आहेत. कोळसा पुरता जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, आणि मग हवेत ऑक्सिजन असूनही शरीराला तो मिळत नाही. डोके दुखते, मळमळते, सुस्ती येते, आणि झोपेतला माणूस उठतच नाही. घरात एकापेक्षा जास्त जणांना एकदम असा त्रास झाला तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणा, मग तातडीने दवाखाना गाठा. पडवीत जनरेटर लावू नका.

चुलीचा रोजचा धूर एका रात्रीत मारत नाही, पण वर्षानुवर्षे छाती पोखरतो. विडीला कधी हात न लावलेल्या बायांना म्हातारपणी धाप लागते, त्याचे एक मोठे कारण हा धूर आहे. गॅस असूनही सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पेटते, हे आम्हाला माहीत आहे. निदान चूल मोकळ्या पडवीत असावी, वर धुराडे असावे, सरपण वाळलेले असावे आणि लहान बाळाला घेऊन चुलीपाशी बसू नये.

पानातले ऊन ताटात

पानाने साठवलेले ऊन आपल्यापर्यंत येते ते ताटातून. आपल्या खाचरातला भात पावसाळ्यात वाढतो, तेव्हा आभाळ आठवडा-आठवडा झाकलेले असते. उजेड कमी म्हणजे पानाची कमाई कमी. दाणा भरण्याच्या दिवसांत ऊन मिळाले नाही तर लोंबीत पोचट दाणे जास्त निघतात, हे शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय कळते.

डोंगर उतारावरची नाचणी आणि वरई वेगळ्या घडणीच्या आहेत. भाताच्या पानात उष्णता वाढली की कार्बन डायऑक्साइड पकडणारे द्रव्य चुकून ऑक्सिजनच पकडते आणि कमाई वाया जाते. नाचणी, वरई, ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून आतल्या पेशींत दाटीने पोचवण्याची जास्तीची सोय असते. म्हणून ती पिके कमी पाण्यात, कडक उन्हात तग धरतात.

पण उन्हातून येते ती फक्त ताकद. चुना, लोह ही खनिजे मुळांनी मातीतून आणलेली असतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात १० मिलिग्रॅमसुद्धा नसते. पोट दोन्हींनी भरते, हाडे नाचणीने भरतात. गरिबाचे खाणे म्हणून जिला आपल्याच लोकांनी मागे सारले, ती नाचणीची भाकरी वाढत्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना पुन्हा द्या.

हल्ली "क्लोरोफिल पाणी" नावाच्या महाग बाटल्या रक्तवाढीसाठी म्हणून विकल्या जातात. हरितद्रव्याची आणि हिमोग्लोबिनची घडण काहीशी सारखी असते हे खरे. पण हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते आणि रक्तातल्या द्रव्याच्या मध्यभागी लोह. हिरवे पाणी पिऊन त्याचे रक्त होत नाही. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आहे. त्यांनी तपासणी करून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. पालेभाजीवर लिंबू पिळावे, जेवणाबरोबर चहा घेऊ नये. पावसाळ्यात रानातला टाकळा, कुर्डू, फोडशी येते, ती ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्यावी.

लक्षात ठेवू या

• कोणतेही झाड ऑक्सिजन सोडते ते उजेडात. रात्री कोणतेच नाही, पिंपळही नाही.

• दम्याचा पंप झाडासाठी, काढ्यासाठी किंवा मोबाइलवरच्या संदेशासाठी बंद करू नका. रात्री तो उशाशी ठेवा.

• बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर पडत असतील, पंप घेऊनही आराम नसेल तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

• बंद खोलीत शेगडी, विस्तव, जनरेटर नको.

राहिला पिंपळाचा मान. सिद्धार्थांनी उपासाने शरीर झिजवून पाहिले, तो मार्ग सोडला, सुजाताने दिलेली खीर घेतली आणि मग ते त्या झाडाखाली बसले, असे परंपरा सांगते. बोधीवृक्षाबद्दलचा आदर त्या बसण्यातून आला आहे. त्याला खोट्या रसायनशास्त्राचा टेकू लागत नाही. पिंपळ लावा, जगवा. दिवसा त्याच्या सावलीत बसा, वर्षावासाचे वाचन करा.

त्या आजी आता रात्री घरात झोपतात, खिडकी उघडी ठेवून. पंप उशाशी असतो. संध्याकाळी मात्र नातवंडांना घेऊन त्या पारावर जाऊन बसतात, आणि अंधार पडायच्या आत घरी येतात.